मिथायलेशन पुसलं तरी सुप्त विषाणू उठेना, उलट जास्तच गप्प! माझं काय चुकतंय?

फिकट_पट्टी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे विषाणूंवर काम करणारी दोन-चार माणसं अधूनमधून डोकावतात हे माहीत आहे, म्हणून हिय्या करून धागा काढतेय. पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय एपस्टाइन-बार विषाणू (पुढे नुसतं ईबीव्ही म्हणते).

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. ईबीव्ही हर्पीस कुळातला. बी पेशीत शिरला की त्याचा साधारण १,७२,००० बेस-जोड्यांचा डीएनए गोल होतो आणि केंद्रकात मुक्काम ठोकतो, सहसा गुणसूत्रात न घुसता. पेशी त्याला आपल्याच डीएनएसारखं हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळते आणि पुढे सीपीजीच्या जागांवर (डीएनएत सी या अक्षरापुढे जी येतं तिथे) मिथाइल गट नावाची छोटी रासायनिक खूण चढवते, हेच मिथायलेशन. नवे विषाणू बनवणारी, म्हणजे लायटिक जनुकं पार बासनात जातात. कधीतरी झेडटा नावाचं प्रथिन (बीझेडएलएफ१ जनुकाचं) बनतं आणि झोपलेला विषाणू उठतो.

माझा हिशोब साधा होता. मिथायलेशनमुळे जनुकं बंद असतील, तर मिथायलेशन काढा, उघडतील. माझ्याकडे '२९३' नावाच्या पेशीरेषेतल्या पेशी आहेत, त्यांत ईबीव्हीचा अख्खा जीनोम बसवलेला. त्यांना ७२ तास डेसिटाबिन (मिथायलेशन पुसणारं औषध) दिलं, मग झेडटाचा प्लास्मिड (जनुक पेशीत न्यायला वापरतात तो डीएनएचा छोटा गोल) घातला, ४८ तासांनी पेशी गोळा करून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला. डेसिटाबिनवाल्या पेशींत लायटिक प्रथिनं दणकून येणार अशी खात्री होती.

आलं भलतंच. डेसिटाबिन नाही, झेडटा आहे त्या लेनमध्ये ईए-डी या लवकर येणाऱ्या लायटिक प्रथिनाची पट्टी जाड आणि उशिरा येणारं व्हीसीए पी१८ व्यवस्थित. डेसिटाबिन आणि झेडटा दोन्ही असलेल्या लेनमध्ये ईए-डी फिकट, आणि पी१८ तर एक्स्पोजर वाढवत नेलं तरी दिसेना, नुसती पार्श्वभूमी काळी होत गेली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. बायसल्फाइट सीक्वेन्सिंगही केलंय (त्यात मिथाइल असलेला सी तसाच राहतो, नसलेला टी म्हणून वाचला जातो). लायटिक प्रमोटरवर (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) आधी बहुतेक सगळ्या सीपीजीत सी वाचला जायचा, आता निम्म्याहून जास्त ठिकाणी टी येतोय. म्हणजे औषधाने काम केलंय.

मॅडम म्हणतात, "पेशी आजारी पडल्यात, दुसरं काही नाही. डोस कमी कर." पेशी खरंच विरळ आणि फुगलेल्या दिसतात, त्यामुळे ठामपणे वाद घालायची सोय नाही. पण ॲक्टिनची, म्हणजे तुलनेसाठी बघतात त्या नेहमीच्या प्रथिनाची, पट्टी सारखी आहे हो! पुढच्या आठवड्यात ग्रुप मीटिंग आहे. मिथायलेशन म्हणजे बंद, हे समीकरण चुकीचं आहे का? की मीच कुठेतरी घोळ घातलाय?

प्लास्मिडवाला

पहिला संशय प्लास्मिडवर घ्यायचा, ही माझी जुनी खोड. झेडटा कुठल्या प्रमोटरवर बसवलाय? सीएमव्ही असेल तर सांभाळून. औषध प्लास्मिडच्या प्रमोटरवरही परिणाम करून जातं आणि आपण दोष देतो विषाणूच्या जीनोमला.

अवांतर: सीएमव्ही प्रमोटर म्हणून आपण डोळे मिटून वापरतो तो मुळात सायटोमेगॅलोव्हायरसचा, म्हणजे हर्पीसच्याच भाऊबंदांतला. तो विषाणू अस्थिमज्जेतल्या सीडी३४ पूर्वज पेशींत आणि मोनोसाइटांत सुप्त असतो तेव्हा हाच प्रमोटर हिस्टोनांनी करकचून बांधलेला असतो. मोनोसाइटाची डेंड्रिटिक पेशी झाली की हिस्टोनांवर ॲसिटिलेशन (जनुक उघडं ठेवणारी खूण) वाढतं आणि तो सुटतो. मी हे वाचलं फार उशिरा. त्याआधी पाच महिने एक जीएफपीवाली (हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारी) पेशीरेषा जपत बसलो होतो. विसाव्या पॅसेजपर्यंत हिरवीगार, तिसाव्याला अर्ध्या पेशी काळ्या. जनुक जागेवर होतं, पीसीआरमध्ये दिसत होतं. एका संध्याकाळी वैतागून सोडियम ब्युटिरेट (ॲसिटिल काढणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं रसायन) टाकलं, सकाळी बऱ्याचशा काळ्या पेशी परत हिरव्या. सुप्तावस्थेचा एक तुकडा आपल्या प्रत्येकाच्या फ्रीझरमध्ये पडलेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

फिकट_पट्टी

प्रमोटर सीएमव्हीच आहे. पण झेडटाची पट्टी दोन्ही लेनमध्ये सारखी आहे, घनता मोजूनसुद्धा. झेडटा बनतंय. बनून हातावर हात ठेवून बसतंय.

जुना_गँग्लिऑन

अभिनंदन. प्रयोग बरोबर झालाय, गृहीतक चुकलंय. मी आयुष्यभर हर्पीस सिम्प्लेक्स आणि चेतापेशी यांच्यातच अडकलेला माणूस, ईबीव्हीवाल्यांच्या अंगणात पाहुणा. तरी हे कोडं ओळखीचं आहे.

झेडटाला मिथाइल चढलेला डीएनए जास्त भावतो. शॅनन केनी यांच्या गटाने २००४ मध्ये हे दाखवलं तेव्हा आमच्याकडे जर्नल क्लबमध्ये अर्धा तास कोणी मानायलाच तयार नव्हतं, कारण सगळ्यांच्या डोक्यात तुमचंच समीकरण होतं. झेडटा उठवतं ते दुसरं प्रथिन म्हणजे आरटा (बीआरएलएफ१). त्याच्या प्रमोटरवर झेडटाला बसायच्या तीन जागा: झेडआरई-१, २ आणि ३. पहिल्या जागेत सीपीजी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या जागेत आहे, आणि तिसरीला तर मिथाइल नसेल तर झेडटा जवळपास विचारतच नाही.

का, ते कागदावर लिहून बघा. झेडटा हे पेशीतल्या एपी-१ घराण्याच्या (फॉस, जून ही मंडळी) वळणाचं प्रथिन. एपी-१ची आवडती जागा: टी-जी-ए-जी-टी-सी-ए. आता झेडआरई-२ लिहा: टी-जी-ए-जी-सी-जी-ए. पाचवं अक्षर बघा. वर टी, खाली सी. थायमिनच्या पाचव्या कार्बनवर मिथाइल गट जन्मजात असतो आणि सायटोसिनचं मिथायलेशन होतं तेही पाचव्याच कार्बनवर. म्हणजे त्या सीवर मिथाइल चढला की चाचपणाऱ्या प्रथिनाला तो टीसारखा लागतो. झेडटामध्ये १८६व्या जागी सिरीन हे अमिनो आम्ल आहे, फॉस-जूनमध्ये तिथे ॲलानिन. हा सिरीन काढून ॲलानिन घातला की झेडटाची ही कला जाते. एवढ्याशा फरकावर एवढा मोठा खेळ उभा आहे, मला तरी याचं अजून अप्रूप वाटतं.

तुम्ही डेसिटाबिन देऊन नेमके तेच मिथाइल पुसलेत ज्यांच्या आधाराने झेडटा बसणार होतं. बिचारं काय करणार?

विषाणूच्या बाजूने विचार केला तर यात मोठी हुशारी आहे. विषाणूकणातला डीएनए कोरा असतो, ना हिस्टोन ना मिथाइल. बी पेशीत शिरल्यावर पहिल्या काही दिवसांत झेडटा थोडंफार बनतंही. त्याच वेळी ते जोमात चाललं असतं तर पेशी फुटून मेली असती आणि सुप्तावस्था राहिली बाजूला. पण जीनोम कोरा असल्यामुळे लायटिक चक्र पुरं होत नाही. मिथायलेशन सावकाश, आठवड्यांच्या हिशोबाने चढतं. तोवर पेशी वाढलेल्या असतात, जीनोमच्या प्रती त्यांच्याबरोबर वाटल्या गेलेल्या असतात. पेशी आपल्या परीने कुलूप घालत असते आणि विषाणूने किल्ली त्याच कुलपाच्या मापाची घडवून ठेवलेली असते.

मग मिथायलेशन पूर्ण होताच विषाणू उठत का नाही? कारण तेव्हा झेडटाच बनत नसतं. त्याच्या स्वतःच्या प्रमोटरवर सीपीजी मोजकीच आहेत. त्याला दाबून ठेवतात ते मुख्यतः हिस्टोनांवरच्या खुणा आणि ॲसिटिल काढणारी एन्झाइमं. अकाटा पेशींत बी पेशीच्या रिसेप्टरला अँटिबॉडीने डिवचलं, किंवा काही पेशीरेषांत ब्युटिरेट दिलं, की तो दाब सुटतो. तुम्ही झेडटा प्लास्मिडमधून दिल्यामुळे हा दरवाजा बायपास झाला आणि फक्त पुढचा उरला. म्हणून तुमचा प्रयोग मला आवडला, दोन दरवाजे आपसूक वेगळे झाले.

आता मॅडमचं म्हणणं. ते उडवून लावू नका. डेसिटाबिन डीएनएत शिरून मिथायलेशन करणाऱ्या एन्झाइमाला अडकवून ठेवतं, पेशींना ते झेपत नाही हे खरंच आहे. नुसती ॲक्टिनची पट्टी दाखवून त्या ऐकणार नाहीत, मीही ऐकलं नसतं. त्यांना उत्तर द्यायला एकच प्रयोग पुरे: त्याच पेशींत झेडटाऐवजी आरटाचा प्लास्मिड घाला. आरटाचा कल झेडटाच्या उलट आहे, कोऱ्या जीनोमवर ते जास्त चांगलं चालतं. पेशी नुसत्या आजारी असतील तर आरटाही फसेल. आरटा चाललं आणि झेडटा फसलं, तर आजारपणाचा मुद्दा तिथेच निकालात.

आणखी दोन गोष्टी विचारतो. तुमची पेशीरेषा किती जुनी? जीनोम जिवाणूतून काढून घातलेला असेल तर तो सुरुवातीला सीपीजीच्या बाबतीत कोराच असतो, पेशींत राहून राहून मिथायलेट होतो. ताजी आणि जुनी रेषा शेजारी ठेवून झेडटा दिलंत तर औषधाशिवायच हीच तुलना मिळेल. आणि बायसल्फाइटवर सगळा भार टाकू नका. साधं मिथाइल आणि टीईटी एन्झाइमांनी त्याचं केलेलं हायड्रॉक्सीमिथाइल, दोन्ही त्याला सी म्हणूनच दिसतात. झेडटाला मात्र दोन्ही सारखे नाहीत, हायड्रॉक्सी झालं की ते हात आखडतं.

नुसता_वाचक

निम्मं डोक्यावरून गेलं, पण वाचत राहिलो. माझा प्रश्न साधा आहे. मला दर दोन-तीन महिन्यांनी ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हर्पीसचे फोड येतात, कायम त्याच जागी. ॲसिक्लोव्हिर घेतो, बरे होतात, परत येतात. हे बासनात गुंडाळणं वगैरे त्याच्यातही आहे का? आणि औषध मुळावर घाव का घालत नाही?

जुना_गँग्लिऑन

@नुसता_वाचक, हे माझं घरचं मैदान, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचा तो हर्पीस सिम्प्लेक्स, बहुधा टाइप १. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांत तो आहे, तेव्हा एकटं वाटून घेऊ नका. ओठातून तो चेतातंतूंच्या वाटेने मागे जातो आणि ट्रायजेमिनल गँग्लिऑनमध्ये, म्हणजे कवटीच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात राहतो. ज्या पेशींत तो राहिला त्यांचे तंतू ओठाच्या ठरावीक भागाकडेच जातात, म्हणून फोड दर वेळी त्याच कोपऱ्यात.

ॲसिक्लोव्हिर सुरू व्हायला विषाणूचं थायमिडीन कायनेज हे एन्झाइम लागतं, आणि ते औषध अडवतं विषाणूच्या डीएनएची नक्कल. सुप्त असताना तो ना कायनेज बनवतो ना नक्कल काढतो. तिथे औषधाला अडवायला काही नसतंच. फोड येताना घेतलंत तर उपयोग होतो, कारण तेव्हा तो जागा असतो.

गुंडाळणं याच्यातही आहे, पण तऱ्हा निराळी. हर्पीस कुळातले सगळे एका माळेचे मणी नाहीत. चेतापेशी विभागत नाही आणि सिम्प्लेक्सच्या सुप्त जीनोमवर सीपीजी मिथायलेशनचा फारसा भर नसतो. (डेसिटाबिनला शिरायला पेशीचं विभाजन लागतं, त्यामुळे धागाकर्तीचा प्रयोग आमच्याकडे करताच येत नाही.) इथे सगळी मदार हिस्टोनांवर. लायटिक जनुकांवर एच३के९ आणि एच३के२७ या जागी (एच३ हिस्टोनवरच्या ९व्या आणि २७व्या अमिनो आम्लावर) तीन-तीन मिथाइल, म्हणजे बंदच्या खुणा. जीनोमचा एकच भाग उघडा राहतो, लॅट नावाच्या आरएनएचा, त्याच्या प्रमोटरवर ॲसिटिलेशन टिकून असतं. लॅट १९८७ मध्ये सापडला. मधल्या सीमारेषांवर सीटीसीएफ हे प्रथिन बसतं, उघड्या भागाचा परिणाम शेजारी झिरपू नये म्हणून.

आता या खुणा वाचताना मी कसा तोंडघशी पडलो ते सांगतो, धागाकर्तीलाही कामाचं आहे. आम्ही उंदराच्या चेतापेशी वाढवायचो, विषाणू सुप्त करायचो, मग पीआय३-कायनेज अडवणारं औषध घालून त्याला उठवायचो. औषध घातल्यावर काही तासांतच चिपमध्ये (अँटिबॉडीने डीएनएवरच्या खुणा शोधायच्या चाचणीत) आयसीपी० या लायटिक जनुकाच्या प्रमोटरवरची एच३के९ची तिहेरी मिथाइल खूण धाडकन खाली. मी खूश. बंदची खूण पुसली गेली, विषाणू उठला, गोष्ट पुरी. पोस्टर छापलं. मग एकाने, पोस्टरसमोर शांतपणे उभं राहून, विचारलं, "मिथाइल काढणाऱ्या एन्झाइमाला अडवून बघितलंत का?" बघितलं नव्हतं. परत येऊन बघितलं, तर एन्झाइम अडवलं तरी खूण तशीच घसरलेली! काढणारा हात बांधलेला असताना खूण जाईल कशी?

ती गेलीच नव्हती. के९च्या अगदी शेजारी एस१० हा सिरीन आहे. पेशीवर ताण आला की जेएनके हे कायनेज जागं होतं आणि त्या सिरीनवर फॉस्फेट चढतो. मिथाइल खाली तसाच, पण शेजारच्या फॉस्फेटमुळे माझ्या अँटिबॉडीला तो सापडेना. आमच्या मोजणीत आंधळी झाली होती अँटिबॉडी, आणि मी त्याला विषाणूचं जागं होणं समजलो. मिथाइल आणि फॉस्फेट दोन्ही एकत्र ओळखणारी अँटिबॉडी वापरल्यावर चित्र बदललं. २०१५ मध्ये ॲना क्लिफ आणि मोहनीश देशमुख यांचं काम छापून आलं तेव्हा सगळा उलगडा झाला. पहिल्या टप्प्यात खूण न काढताच जनुकं बोलू लागतात, काढण्याचं काम दुसऱ्या टप्प्यातलं. पोस्टर अजून माझ्या कपाटामागे गुंडाळून पडलंय.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना एकच विचारतो: खूण आहे हे कळलं, ती वाचतंय कोण? माझ्याकडे वाचणारी अँटिबॉडी होती, धागाकर्तीकडे झेडटा आहे.

मुळावर घाव घालण्याबद्दल: मिथाइल काढणाऱ्या एलएसडी१ला अडवलं तर सिम्प्लेक्स उठत नाही, हे थॉमस क्रिस्टी यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं. त्यात वापरलेलं एक रसायन म्हणजे ट्रॅनिलसायप्रोमिन, नैराश्यावरचं जुनं औषध. हे वाचून कोणी ते ओठाच्या फोडांसाठी घ्यायला जाऊ नका. रक्तदाब एकदम वर नेण्याची त्याची ख्याती आहे. शिवाय त्या उपायाने विषाणू जात नाही, नुसता आणखी घट्ट बांधला जातो. ईबीव्हीच्या कर्करोगांत बरोबर उलटी चाल खेळतात, विषाणूला मुद्दाम उठवायचं आणि मग विषाणूविरोधी औषधाने पेशीसकट मारायचं. चेतापेशींत ते परवडणार नाही, त्या परत उगवत नाहीत.

प्लास्मिडवाला

पोस्टरची गोष्ट वाचून माझी जीएफपी रेषा आठवली आणि बरं वाटलं.

@फिकट_पट्टी, आरटाचा प्लास्मिडही सीएमव्हीवरच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आणि रिकामा प्लास्मिड विसरू नका.

फिकट_पट्टी

बारा दिवसांनी परत आलेय, दोन कारणांनी. एक, आभार मानायचे राहिले होते. दोन, निकाल आलाय.

आरटा केलं. तोच प्रमोटर, तेवढाच प्लास्मिड, त्याच दिवशीच्या त्याच पेशी. डेसिटाबिन नसलेल्या पेशींत आरटाने ईए-डीची पट्टी दिली ती बेताचीच. डेसिटाबिनवाल्यांत चांगली जाड, आणि त्याच ब्लॉटवर शेजारच्या झेडटाच्या लेनमध्ये नेहमीसारखी फिकट. रिकाम्या प्लास्मिडच्या दोन्ही लेन स्वच्छ. मीटिंगमध्ये पडद्यावर ब्लॉट लावला तेव्हा मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पी१८ कुठाय?" पी१८ अजून केलेलं नाही. ते झालं की बघू म्हणाल्या. पण डोस कमी करायचं नाव काढलं नाही!

पेशीरेषा गोठवलेल्या साठ्यातली, जुनी आहे. ताजी बनवायला घेतलीय, हायग्रोमायसिनमध्ये दुसरा आठवडा चालू आहे, वसाहती अजून सुईच्या टोकाएवढ्या. सिरीन १८६चा ॲलानिन करायचे प्रायमर मागवलेत. हायड्रॉक्सीमिथाइल कसं मोजायचं याबद्दल मात्र अजून चाचपडतेय, त्यासाठी वेगळा धागा काढीन.

@जुना_गँग्लिऑन सर, कपाटामागचं ते पोस्टर फेकू नका. फोटो टाका इथे.